दूरछायाचित्रण भिंगे आणि पक्षिछायाचित्रण

दूरच्या वस्तूची मोठी प्रतिमा फिल्मवर किंवा अंकीय संवेदकावर पाडणाऱ्या दीर्घ केंद्रांतराच्या भिंगास दूरछायाचित्रण भिंग किंवा टेलिफोटो भिंग म्हणतात. काटेकोर अर्थाने, पुढील अभिसारी व मागील अपसारी भिंगगटांच्या योजनेमुळे ज्याची प्रत्यक्ष लांबी केंद्रांतराहून कमी असते, तेच टेलिफोटो भिंग होय. दूर असलेल्या वस्तूच्या प्रतिमेचा आकार केंद्रांतराच्या सम व अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. दहा मी. अंतरावरील १५ सेंमी. लांबीच्या पक्ष्याची प्रतिमा ५० मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने एक मिमी.हूनही लहान पडते, ६०० मिमी. भिंगाने ती सु. ९.५ मिमी. होते. पक्षिछायाचित्रणाच्या इतिहासात छायाचित्रकारापुढे म्हणूनच दोन मार्ग राहिले : पक्ष्याच्या जवळ जाणे अथवा केंद्रांतर वाढविणे.

इतिहास : १८९१ मध्ये लंडन येथे टॉमस डॅलमेयर, म्यूनिक येथे आडोल्फ श्टाइनहाइल व बर्लिन येथे आडोल्फ मीटे यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे टेलिफोटो भिंगे तयार केली. तथापि या भिंगांतून प्रकाश अल्प येई आणि तत्कालीन काचपट्ट्याही मंद असत. त्यामुळे हलणाऱ्या पक्ष्याचे चित्र घेणे दुरापास्त होते. साहजिकच पहिला मार्ग रूढ झाला. रिचर्ड व चेरी कीर्टन या इंग्रज बंधूंनी १८९५ मध्ये घरट्यांच्या प्रत्यक्ष छायाचित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे पक्ष्यांजवळ जाता यावे म्हणून त्यांनी पोकळ बैलाची आकृती करून तीत कॅमेऱ्यासह लपण्याची युक्तीही योजिली.

भारतातही आरंभीचे पक्षिछायाचित्रण लपणातून व बहुधा घरट्यांपाशीच झाले. बेट्स व लोथर हे या क्षेत्रातील आद्य छायाचित्रकार होत. लोथर यांचा भारतातील पक्षिछायाचित्रणावरील ग्रंथ १९४९ मध्ये, तर दोघांचा काश्मीरमधील विणीच्या पक्ष्यांवरील ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. सलीम अली (१८९६–१९८७) यांचे स्नेही लोक वान थो (१९१५–६४) यांनी त्यांच्यासमवेत भारतात प्रवास करून घेतलेली छायाचित्रे १९५७ च्या ग्रंथात समाविष्ट आहेत.

एका भिंगातून दृश्य पाहण्याची व चित्र घेण्याची सोय असलेल्या परावर्ती कॅमेऱ्यांचा प्रसार झाल्यावर दुसरा मार्ग सुकर झाला. रशियातील मक्सूतॉव्ह प्रणालीच्या आरशाच्या भिंगांनी १००० मिमी. केंद्रांतर आटोपशीर आकारात उपलब्ध केले. मात्र त्यांचे द्वारक लहान व अचल असे आणि पार्श्वभूमीतील प्रकाशबिंदू कड्यासारखे उमटत. कॅनन कंपनीने १९६९ मध्ये फ्ल्युओराइटचे स्फटिक वापरून रंगदोष कमी केलेले ३०० मिमी. भिंग विक्रीस आणले.

प्रचंड भिंगे : केंद्रांतराच्या प्रमाणात द्वारकाचा व्यास वाढविल्याखेरीज प्रतिमेची तेजस्विता टिकत नाही. एफ/५.६ द्वारकाच्या १२०० मिमी. भिंगास सु. २१ सेंमी. व्यासाचे प्रवेशद्वार लागते. या केंद्रांतराचे कॅननचे १९९३ मधील भिंग सु. १६.५ किग्रॅ. वजनाचे होते. २००६ मध्ये जर्मनीतील त्साइस कंपनीने वन्यजीव छायाचित्रणाच्या एका हौशी ग्राहकासाठी १७०० मिमी. केंद्रांतराचे व एफ/४ द्वारकाचे भिंग घडविले. त्याचे वजन २५६ किग्रॅ. होते.

व्यवहार्यता : अशा भिंगांच्या मर्यादा चंदगड परिसराच्या उदाहरणाने स्पष्ट होतात. चंदगड हा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. त्याच्या पश्चिमेकडील पारगड–तिलारी भागात सह्याद्रीची सदाहरित व निमसदाहरित वने असून डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिलेल्या संवर्धन राखीव क्षेत्रांत चंदगडचा समावेश होता. या वनांत प्रकाश मंद व दृष्टिपथ आखूड असतो. फांद्यांआड बसलेल्या कर्ण्यापर्यंत मोकळी दृष्टिरेषाच नसेल, तर केंद्रांतर वाढवून उपयोग होत नाही. सुक्या पानासारखा निश्चल बसणारा बेडूकतोंड्या मुळातच थोड्या अंतरावरून पाहता येतो. पावसाळी निसरड्या पायवाटेवर जड भिंग व तिपाई वाहून नेणे कष्टाचे असते. उलट जलाशय, माळ व सडे अशा खुल्या जागी दीर्घ केंद्रांतर उपयोगी पडते. तरी उन्हाने तापलेल्या हवेच्या कंपनामुळे दूरची प्रतिमा अस्पष्ट होते आणि हा दोष भिंगाच्या आकाराने दूर होत नाही. भिंग व कॅमेऱ्याचे अल्पसे कंपनही केंद्रांतराच्या प्रमाणात वाढून दिसते.

यामुळे नंतरच्या काळात भिंगे मोठी करण्यापेक्षा हलकी करण्याकडे निर्मात्यांचा कल वाढला. कॅननच्या ६०० मिमी., एफ/४ भिंगाचे वजन १९९९ मध्ये ५.३६ किग्रॅ. होते, ते २०१८ च्या आवृत्तीत ३.०५ किग्रॅ.वर आले. निकॉनचे २०१८ मधील ५०० मिमी., एफ/५.६ भिंग प्रकाशाच्या विवर्तनाचा उपयोग करणाऱ्या घटकामुळे केवळ १.४६ किग्रॅ. भरते. प्रतिमा-स्थिरीकरण आणि अधिक संवेदनशील अंकीय संवेदक यांमुळे अशी भिंगे हातात धरूनही वापरता येतात.

दीर्घ केंद्रांतराचा खरा लाभ पक्ष्याला होतो. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते व अन्नासाठी प्रामुख्याने नरावर अवलंबून असते; माणसांच्या वावरामुळे नर ढोलीकडे फिरकला नाही, तर मादी व पिले उपाशी राहतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे शिकारीच्या व्याख्येत मोडते. घरट्याजवळ मांडलेल्या लपणाची गरज टेलिफोटो भिंगाने कमी केली. पण ते हाती असूनही छायाचित्रकार पुढे सरकतच राहिला, तर हा लाभ उरत नाही. प्रतिमा किती मोठी यापेक्षा चित्र घेताना पक्ष्याच्या वर्तनात बदल झाला नाही, ही पक्षिछायाचित्रणाची अधिक महत्त्वाची कसोटी ठरते.