कॉम्प्युटर म्हणायचं नाही

आमचा भाचा कॉम्प्युटरच्या धंद्यात आहे, पण त्याच्या तोंडून 'कॉम्प्युटर' हा शब्द मी क्वचितच ऐकला असेल. तो 'मशीन' म्हणतो. कधी 'बॉक्स' म्हणतो. तीच यंत्रं दूर कुठल्या तरी थंडगार खोलीत हजारांनी मांडलेली असली, की 'क्लाउड' म्हणतो. म्हणजे घरात खोका आणि बाहेर ढग! 'संगणक' हा शब्द तर त्याला फक्त सरकारी फॉर्मवर भेटतो. मला यात नवल वाटत नाही. रोजच्या सहवासातल्या वस्तूला पूर्ण नावानं हाक मारायची आपल्यात रीतच नाही. आमची ही चाळीस वर्षं मला नुसतं 'अहो' म्हणते आहे.

पण कॉम्प्युटरचं प्रकरण जरा निराळं आहे. हा शब्द मुळात यंत्राचा नव्हेच; तो माणसाच्या हुद्द्याचा. आकडेमोड करणारा तो कॉम्प्युटर. आपल्याकडच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात राधानाथ सिकदर नावाचे एक बंगाली गृहस्थ १८३१ साली नोकरीला लागले, ते 'कॉम्प्युटर' म्हणून. वय अवघं अठरा. पुढे कलकत्त्यात ते मुख्य कॉम्प्युटर झाले. 'शिखर नंबर पंधरा' हे जगातलं सर्वांत उंच शिखर, हे १८५२च्या सुमारास त्यांच्या आकडेमोडीतून निघालं. १८५६ साली उंची जाहीर झाली, २९,००२ फूट. आणि नाव सुचवलं गेलं ते एव्हरेस्टसाहेबांचं, जे १८४३ सालीच निवृत्त झाले होते! बेरीज कारकुनाची, शिखर साहेबाचं. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला यात नवीन असं काही नाही.

यंत्रं आली तेव्हा हा हुद्दा त्यांना एकदम मिळाला असंही नाही. हार्वर्डच्या १९४४ सालच्या अगडबंब यंत्राच्या नावात 'कॅल्क्युलेटर' होतं. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमधल्या यंत्राचं १९६२ साली पंडित नेहरूंनी 'टिफ्रॅक' असं बारसं केलं, त्यातला शेवटचा 'क'सुद्धा कॅल्क्युलेटरचाच. मग हळूहळू यंत्रानं माणसाची खुर्ची घेतली, आणि खुर्चीबरोबर पाटीही.

ही पाटी बँकांमध्ये मात्र कुणी लावायला धजेना. आमच्या काळी 'कॉम्प्युटर' म्हणजे नोकऱ्या खाणारा बागुलबुवा. नुसतं नाव काढलं तरी गेटवर घोषणा सुरू. १९८३ साली युनियन आणि बँका यांच्यात करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि शाखाशाखांतून एक वस्तू अवतरली. तिचं नाव 'अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. घरगुती नाव ए.एल.पी.एम. तिला पडदा होता, कळा होत्या, स्मरणशक्ती होती. नव्हता तो फक्त 'कॉम्प्युटर' हा शब्द. सासरचं नाव लावलं की माहेर विसरलं जातं, अशी वरच्यांची समजूत असावी.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक ज्येष्ठ सहकारी होते. अक्षर मोत्यासारखं. लेजरची उभी बेरीज ते पेन्सिल न टेकवता, नुसती नजर खाली सरकवत करायचे आणि ती पैशालासुद्धा चुकायची नाही. मशीनवरचं प्लॅस्टिक काढलं तेव्हा ते म्हणाले, ''मशीन आहे ना? मग चालेल. कॉम्प्युटर आणला असता तर मी उभा राहू दिला नसता.''

संध्याकाळी मशीननं छापलेला कागद त्यांनी समोर ओढला आणि सगळी बेरीज स्वतः पुन्हा केली. या खेपेला पेन्सिल टेकवून. पैसान् पैसा जुळला. त्यांनी खाली सही केली, चष्मा पुसला आणि मला हळूच विचारलं, ''हे मशीन, ठीक आहे. पण मग आता आपल्याला काय म्हणायचं?''