मुद्गल ते मुंदडा : टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या दोन चौकशा

जून १९५१ मध्ये भारताच्या हंगामी संसदेने आपल्याच एका सदस्याच्या वर्तनाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. सदस्याचे नाव एच. जी. मुद्गल, मुंबईचे, सत्तारूढ काँग्रेस पक्षाचे. समितीचे अध्यक्ष होते मद्रासचे टी. टी. कृष्णम्माचारी. पुरती सात वर्षेही उलटली नव्हती, तोच या अध्यक्षांवर स्वतःच्या चौकशीला सामोरे जाण्याची आणि देशाचे अर्थमंत्रिपद सोडण्याची वेळ आली. पहिले प्रकरण आज जवळजवळ विस्मरणात गेले आहे आणि दुसरे परीक्षेतल्या एका ओळीपुरते उरले आहे. वास्तविक ही दोन्ही एकत्र वाचायला हवीत.

मुद्गल यांच्यावरील आरोप साधा होता. मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या ‘बॉम्बे बुलियन असोसिएशन’ या संघटनेला तेजी-मंदीचे सौदे आणि मुद्रांक शुल्क या बाबतींत सरकारकडून सवलती हव्या होत्या. मुद्गल यांनी पैसे घेऊन त्यांची वकिली पत्करली. सभागृहात प्रश्न विचारले, वायदे व्यवहारांच्या विधेयकाला दुरुस्त्या सुचवल्या, मंत्र्यांच्या भेटी घडवून आणल्या. समितीने त्यांना दोषी ठरवले. सप्टेंबरमध्ये चर्चा झाली, तेव्हा मुद्गल यांनी आपली बाजू मांडली आणि हकालपट्टीचा ठराव मंजूर होण्यापूर्वी राजीनामा देऊन टाकला. सभागृहाने तेवढ्यावर त्यांना सोडले नाही. हा सदस्य हकालपट्टीस पात्र होता आणि त्याच्या राजीनाम्याची भाषा हा सभागृहाचा आणखी एक अवमान आहे, असा ठराव करूनच ते प्रकरण मिटवण्यात आले. ठरावामागे स्वतः पंतप्रधान नेहरू उभे होते. नव्या प्रजासत्ताकाने आपल्याच पक्षाच्या माणसाला क्षमा केली नाही, याचा तेव्हा अनेकांना अभिमान वाटला, आणि तो अनाठायी नव्हता.

यानंतरचा दुवा विम्याचा आहे. त्या काळी आयुर्विमा खासगी कंपन्यांच्या हाती होता आणि काही उद्योगपती विमाधारकांचा पैसा स्वतःच्या खिशातला असल्यासारखा वापरत. डिसेंबर १९५५ मध्ये रायबरेलीचे काँग्रेस खासदार फिरोज गांधी यांनी लोकसभेत रामकृष्ण डालमिया यांच्या भारत इन्शुरन्स कंपनीचे व्यवहार उघडे केले. फिरोज हे नेहरूंचे जावई. पण बाके वाजवण्यापुरते सभागृहात बसणारे ते नव्हते. डालमियांना पुढे तुरुंगवास घडला.

१९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. कंपन्यांना हिशेब फिरवायला अवधी मिळू नये, म्हणून बेत अखेरपर्यंत गुप्त ठेवला होता. दोनशेहून अधिक विमा संस्था सरकारच्या ताब्यात आल्या. कारकून, शिक्षक, विधवा यांच्या हप्त्यांतून साठलेला पैसा सट्टेबाजांपासून सुरक्षित राहील, हे राष्ट्रीयीकरणाचे एक प्रमुख समर्थन होते. मात्र ही व्यवस्था रुळताना पाहायला देशमुख मंत्रिमंडळात राहिले नाहीत. मुंबई महाराष्ट्राला नाकारल्याच्या निषेधार्थ त्यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला, आणि त्या रिकाम्या खुर्चीवर आले कृष्णम्माचारी. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळाचे काम सुरू झाले.

महामंडळाला एक वर्षही पूर्ण झाले नव्हते. जून १९५७ मध्ये त्याने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर खरेदी केले. जेसप, रिचर्डसन अँड क्रुडास, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन ही त्यांतली परिचित नावे. मुंदडा त्या वेळी कर्जात आकंठ बुडालेले होते आणि शेअरबाजारात त्यांची ख्याती सट्टेबाज म्हणूनच होती. खरेदी बाजारातून झाली नाही, तर थेट त्यांच्याशी बोलणी करून झाली. अशा व्यवहारांसाठी महामंडळाची गुंतवणूक समिती होती. तिला विचारलेच गेले नाही. ज्या रोगावर औषध म्हणून महामंडळ काढले, तो रोग औषधाच्या बाटलीतच शिरला होता. हेच मुंदडा काँग्रेसच्या निवडणूक निधीचे एक देणगीदार होते, ही गोष्टही पुढे बाहेर आली.

कुजबुज संसदेत पोहोचली. सुरुवातीच्या प्रश्नांना अर्थमंत्र्यांकडून मोघम उत्तरे मिळाली. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी बोलायला उभे राहिले. त्यांच्याकडे तारखा होत्या, भाव होते, कागद होते. त्यांचे भाषण वृत्तपत्रांना निर्धास्त छापता आले, त्यामागेही त्यांचाच हात होता. संसदेतील कामकाजाच्या प्रामाणिक वार्तांकनाला संरक्षण देणारा १९५६ चा कायदा त्यांच्याच खासगी विधेयकातून आलेला होता.

सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, आणि ते काम मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे आले. ही निवड लक्षात ठेवण्याजोगी आहे. टाटा पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देण्याची मुभा हवी होती, त्या १९५७ च्या खटल्यात छागलांनी कायद्यानुसार परवानगी दिली होती. पण धनिकांच्या पैशाने लोकशाहीचा श्वास कोंडेल, असा इशाराही संसदेला देऊन ठेवला होता.

छागलांनी चौकशी मुंबईत, खुली चालवली. लोक इतके लोटले की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री, अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर अय्यंगार हे सारे साक्षीला आले. कोसळत्या शेअरबाजाराला आधार देण्यासाठी ही खरेदी केली, असा बचाव पुढे आला. तो तज्ज्ञांच्या साक्षींपुढे टिकला नाही. पटेल म्हणाले, मंत्र्यांची संमती होती. मंत्री म्हणाले, नव्हती.

खरा पेच इथे होता. छागलांनी त्यातून काढलेली वाट आजही राज्यशास्त्राच्या वर्गात शिकवली जाते. सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची असते. ती कृती मान्य नसेल, तर मंत्र्याने ती कळताच उघडपणे नाकारायला हवी होती. संसदेत तिची पाठराखण करायची आणि आयोगापुढे ती सचिवाच्या माथी मारायची, हे चालणार नाही. कृष्णम्माचारी यांनी स्वतः पैसा खाल्ला, असे छागलांनी कुठेही म्हटले नाही. आणि न्यायाने पाहता हे आवर्जून सांगितले पाहिजे. सारे काम २४ दिवसांत आटोपले. आजच्या आयोगांच्या मुदतवाढी पाहणाऱ्याला हा आकडा छपाईची चूक वाटावा!

१९५८ च्या फेब्रुवारीत कृष्णम्माचारी पायउतार झाले. राजीनामा स्वीकारताना नेहरूंनी त्यांना लिहिले की या प्रकरणातला तुमचा वाटा अगदी अल्प होता, अशी माझी खात्री आहे. मुद्गलांच्या वेळचे कठोर पंतप्रधान आणि हे पत्र लिहिणारे पंतप्रधान एकच. दोन गुन्हे सारखे नव्हते, हे खरे. एकाने पैसे घेतले होते. दुसऱ्याने आपल्या खात्यात काय चालले आहे याची जबाबदारी झटकली होती. पण एका व्यापारी संघटनेसाठी प्रश्न विचारणाऱ्या मागच्या बाकावरच्या सदस्याला जी मोजपट्टी लावली, तिची लांबी विमाधारकांच्या सव्वा कोटींपाशी आल्यावर बदलली, हे नाकारता येत नाही. त्या वर्षीचा अर्थसंकल्प नेहरूंना स्वतः मांडावा लागला. मुंदडा तुरुंगात गेले.

पुढचा हिशेब असा. फिरोज गांधी सप्टेंबर १९६० मध्ये, अठ्ठेचाळीसही पूर्ण न होता, हृदयविकाराने गेले. त्यांचा वृत्तपत्र-संरक्षणाचा कायदा आणीबाणीत, त्यांच्याच पत्नी पंतप्रधान असताना रद्द झाला. जनता राजवटीत तो परत आला. कृष्णम्माचारी १९६२ मध्ये मंत्रिमंडळात परतले आणि १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. १९६५ च्या अखेरीस मुलांच्या उद्योगांवरून आरोप झाले, चौकशीची भाषा सुरू झाली आणि त्यांनी दुसऱ्यांदा तेच पद सोडले. ज्या सचिवाच्या सांगण्यावरून महामंडळाने पैसे मोजले, ते एच. एम. पटेल सरकारी सेवेतून बाहेर पडले, स्वतंत्र पक्षात गेले आणि १९७७ मध्ये मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात त्याच खात्याचे मंत्री झाले, जिथून त्यांना जावे लागले होते.

मुद्गलांना मात्र असा परतीचा रस्ता लाभला नाही. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल दोन्ही सभागृहांतील ११ खासदारांची हकालपट्टी झाली, तेव्हा संसदेला असा अधिकार आहे का, यावर मोठा वाद झाला. त्या वेळी पूर्वोदाहरण म्हणून पुढे आली ती १९५१ ची मुद्गल समिती, जिच्या अध्यक्षस्थानी कृष्णम्माचारी होते.