धुराची हद्द

इसवी सन १८७७ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस नागपुरात जुम्मा तलावाजवळ एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, आणि गिरणीचे नाव त्यावरूनच पडले. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर पसंत केले यात पुष्कळांस वेडेपणा दिसला होता. परंतु वर्ध्याचा कापूस हाताशी, रेल्वे दहा वर्षांपूर्वीच दाराशी आलेली, आणि चांद्याकडील वरोऱ्याचा कोळसा जवळ, असा त्यांचा हिशेब होता व तो खरा ठरला. त्या हिशेबात धुराचे खाते मात्र नव्हते. ते त्या काळी कोणाच्याच हिशेबात नव्हते. उलट धुराडे जितके उंच आणि धूर जितका दाट, तितकी शहराची भरभराट अधिक, अशीच लोकांची समजूत होती.

कायदा अगदीच नव्हता असे नव्हे. १८६० च्या दंडसंहितेच्या २७८ व्या कलमान्वये हवा आरोग्यास अपायकारक होईल इतकी दूषित करणारास पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगितलेला होता. (२०२४ साली भारतीय न्यायसंहिता आली तेव्हा ही रक्कम हजार रुपये झाली. दीडशे वर्षांत दुप्पट, म्हणजे महागाईच्या मानाने दंड घटलाच म्हणावयाचा.) पण किती धूर म्हणजे अपायकारक, हे त्या कलमात नव्हते. फिर्यादीने अपाय सिद्ध करावा आणि गिरणीवाल्याने तो नाकारावा, असा तो मामला होता. माप ठरलेले नसल्यामुळे हद्द ओलांडली गेली असे कोणासही छातीठोकपणे म्हणता येत नसे.

माप लावण्याचा प्रयत्न या देशात झाला तो कलकत्त्यास. तेथे धुराविरुद्ध १८६३ सालचा एक जुना कायदा होता, परंतु तो निष्प्रभ ठरला होता. राजधानीच्या आकाशास काजळी फासली जात असल्याची तक्रार लॉर्ड कर्झन यांनी १९०३ साली केली, आणि १९०५ साली बंगालचा धूर-उपद्रव कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीत रिंगेलमान या फ्रेंच प्राध्यापकाने बसविलेला तक्ता वापरात आला. हा तक्ता मोठा गमतीचा आहे. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या काढलेल्या असतात. पहिल्या जाळीत पाचवा हिस्सा काळा, दुसरीत दोन पंचमांश, याप्रमाणे चढत जाऊन शेवटचा चौकोन पूर्ण काळा. सुमारे पन्नास फुटांवर तक्ता टांगला की रेघा एकमेकींत मिसळून राखी छटा दिसू लागतात. निरीक्षकाने धुराड्याकडे पाहावे, तक्त्याकडे पाहावे, आणि धूर कितव्या छटेचा व किती मिनिटे निघाला हे टिपून घ्यावे. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसाच. तेव्हा भट्टीत एकदम पाट्यामागून पाट्या न ओतता थोडा थोडा कोळसा टाकण्यास आगवाल्यास शिकविले, तर धूरही घटे आणि मालकाचा कोळसाही वाचे. या एका गोष्टीमुळे हा कायदा कारखानदारांस फारसा कडू लागला नाही.

१९१२ साली मुंबईनेही असाच कायदा केला. परंतु नागपूर होते मध्यप्रांतात. त्यास बंगालचा कायदा लागू नव्हता, आणि मुंबईचाही नव्हता. धुराची हद्द प्रथम आखली गेली ती अशी, काही थोर शहरांपुरती. जेथे लाटसाहेब व मोठे व्यापारी राहत, तेथले आकाश कायद्याच्या रक्षणाखाली. बाकीच्या मुलखाचे आकाश मोकळे. जागा पाहून हवेची किंमत ठरविण्याची ही रीत पुढे फार वर्षे टिकली, आणि नागपूरच्या पुढील इतिहासाचे मर्म तिच्यातच आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरच्या उत्तरेस खापरखेड्याचे वीजकेंद्र उभे राहिले, आणि १९७४ पासून कोराडीचे संच सुरू होऊ लागले. या केंद्रांनी रिंगेलमानच्या तक्त्यास निरुपयोगी करून टाकले. येथे कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात. तो जवळजवळ पुरता जळतो, त्यामुळे धूर काळा निघत नाही. निघते ती राख. परदेशी कोळशात राख शेकडा दहा-पंधरा, तर आपल्याकडील कोळशात पस्तीस-चाळीस, आणि त्यातील बहुतेक भाग धुराबरोबर उडावयास तयार असतो. डोळ्यांस हा धूर फिकट, निरुपद्रवी वाटतो. पण त्यातील कण सूक्ष्म, आणि कण जितका सूक्ष्म तितका तो फुप्फुसात खोल जातो. तेव्हा धूर पाहून भागेना, तो तोलावा लागला.

तोलण्याची विद्या नागपुरातच होती, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. १९५८ साली येथे सार्वजनिक आरोग्य-अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधनसंस्था स्थापन झाली. १९७४ साली, म्हणजे कोराडीचा पहिला संच चालू झाला त्याच वर्षी, तिला ‘नीरी’ हे नाव मिळाले. १९७८ पासून या संस्थेने देशातील दहा शहरांची हवा नियमित तपासण्यास आरंभ केला. त्यांत नागपूरही होते. रीत अगदी साधी. काचतंतूंचा गाळणकागद आधी तोलावयाचा, पंपाने त्यातून ठराविक हवा ओढावयाची, मग कागद पुन्हा तोलावयाचा. वजनातील फरक हीच त्या हवेतील धूळ. प्रत्येक शहरी ठाणी तीन: एक कारखान्यांच्या भागात, एक बाजारपेठेत, एक वस्तीत.

१९८१ साली वायुप्रदूषणाचा केंद्रीय कायदा झाला. त्याने राज्याच्या मंडळास धुराड्यांवर मर्यादा घालण्याचा अधिकार दिला. पुढे १९८६ च्या पर्यावरण कायद्याखालील नियमांत वीजकेंद्रांसाठी आकडे आले ते असे: २१० मेगावॉट वा त्याहून मोठ्या संचाच्या धुरात दर घनमीटरास १५० मिलिग्रॅम कण चालतील, त्याहून लहान संचाच्या धुरात ३५०. कोराडीस तेव्हा १२० मेगावॉटचे चार, २०० चा एक आणि २१० चे दोन संच होते. म्हणजे एकाच आवारात, एकाच वाऱ्याखाली, दोन हद्दी. आणि दहा मेगावॉट कमी म्हणून एका संचास दुपटीहून अधिक राख सोडण्याची मुभा. नियमास एक टीप मात्र जोडलेली होती. स्थानिक परिस्थितीची गरज पाहून राज्य मंडळाने लहान संचासही १५० ची मर्यादा घालावी, अशी मोकळीक तीत होती. जागा पाहून हद्द ठरविण्याची जुनीच रीत ही, पण या वेळी ती दुर्बळाच्या उपयोगी पडेल अशा रूपाने आली होती.

१५० मिलिग्रॅम हा आकडा ऐकण्यास लहान वाटतो. ढोबळ हिशेब करून पाहावा. २१० मेगावॉटचा संच पूर्ण चालला तर तासास आठ-नऊ लक्ष घनमीटर वायू सोडतो. तेव्हा मर्यादा तंतोतंत पाळूनही एका दिवसास तीन टनांच्या आसपास राख हवेत जाते. उलट, तेवढ्याच वेळात त्या संचात जळणाऱ्या कोळशातून हजार टनांहून अधिक राख उडावयास निघते. म्हणजे शंभरातील साडेनव्याण्णव भागांहून अधिक राख पकडल्याखेरीज मर्यादा पाळली जाणेच शक्य नाही. ही करामत करणारे यंत्र म्हणजे कामगारांच्या तोंडचे ‘ईएसपी’. राखेच्या कणांस विजेचा भार देऊन ते पत्र्यांकडे खेचावयाचे आणि हातोड्यांनी पत्रे ठोकून राख खाली पाडावयाची. आपल्या कोळशात गंधक थोडे, ही एरवी चांगली गोष्ट. परंतु त्यामुळेच त्याची राख विजेचा भार नीट घेत-सोडत नाही, आणि यंत्र मोठे करावे लागते. धुराडे उंच बांधण्याचाही नियम झाला. मोठ्या संचांस २२० मीटर, ५०० मेगावॉट व त्यावरील संचांस २७५ मीटर. उंचीने राख कमी होत नाही, ती दूरवर वाटली जाते इतकेच.

धुराड्याची हद्द अशी आखली जात असता श्वासाच्या हवेचीही हद्द ठरली, आणि तेथे जुन्या रीतीने आपले खरे स्वरूप दाखविले. १९९४ च्या मानकांप्रमाणे चोवीस तासांच्या सरासरीने औद्योगिक भागात घनमीटरास ५०० मायक्रोग्रॅम धूळ चालत असे, निवासी व ग्रामीण भागात २००, आणि थंड हवेची ठिकाणे, अभयारण्ये, राष्ट्रीय स्मारके यांसारख्या संवेदनशील जागी १००. स्मारकाच्या दगडास जी हवा वाईट, तिच्या पाचपट धुळीची हवा कारखान्याच्या कुंपणालगत राहणाऱ्या माणसास पुरेशी चांगली! कारखान्यालगतची वस्ती ही कारखान्यातील मजुरांचीच असावयाची, हे निराळे सांगावयास नको. २००९ च्या नोव्हेंबरात ही विभागणी धुळीपुरती मोडली. दहा मायक्रॉनांहून लहान कणांसाठी दिवसाची मर्यादा १०० व अडीच मायक्रॉनांहून लहान कणांसाठी ६०, आणि ती गिरणगावास व बंगल्यांच्या पेठेस सारखीच. कलकत्त्यापासून चालत आलेला भेद मोडावयास शंभरावर वर्षे लागली.

तो पुरता मोडला असे मात्र नव्हे. २०१५ च्या डिसेंबरात वीजकेंद्रांच्या मर्यादा कडक झाल्या: जुन्या संचांस १००, २००४ नंतरच्यांस ५०, आणि २०१७ पासूनच्या नव्यांस ३०. पालनास दोन वर्षे दिली होती. मुदत पुढे पुढे ढकलली गेली. २०२१ च्या मार्चमध्ये जी नवी मुदत आखली, तीत केंद्रांचे तीन वर्ग केले, आणि दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरांच्या आत असलेल्यांस सर्वांत आधीची तारीख दिली. २०११ च्या गणनेप्रमाणे नागपूरची वस्ती चोवीस लाख. तेव्हा खेड्यातल्या माणसाची पाळी कधी यावयाची, हे त्याच्या शेजारच्या वीजकेंद्रापासून मोठे शहर किती अंतरावर आहे यावर राहिले.

धुराड्यात पकडलेल्या राखेचे काय होते, हा प्रश्न मिलिग्रॅमच्या हिशेबात येतच नाही. ती पाण्याबरोबर राखेच्या तलावांत नेऊन सोडतात. नागपूरचा वैशाख सुरू झाला की तलावांचे कोरडे पडलेले भाग वाऱ्याबरोबर उठतात, आणि २७५ मीटर उंचीवरून दूर पांगावयाची ती राख कमरेइतक्या उंचीवरून शेजारच्या शेतात व ओसरीत येते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील तलावाचा बांध फुटून राखेचा चिखल शेतांत व नदीनाल्यांत शिरला. पुढच्या वर्षी, २०२३ च्या मे महिन्याच्या २९ तारखेस, कोराडीस ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर जनसुनावणी झाली. त्या संचांच्या धुरास लागू होणारी मर्यादा दर घनमीटरास ३० मिलिग्रॅम.