पंचांगावर धावणारा ट्रक : तंबू टॉकीजच्या चालकाचा इतिहास (धागा)

१/
जत्रेच्या माळावर तंबूत सिनेमा सुरू झाला की प्रेक्षकांच्या डोक्यावरून जाणारा प्रकाशझोत अनेकदा एका ट्रकच्या हौद्यातून येत असे. तंबू, खांब, पडदा हे सारे त्या माळावर आणलेलेही ट्रकनेच. तो चालवणाऱ्या माणसाचे नाव मात्र कोणत्याही श्रेयनामावलीत आढळत नाही. हा धागा त्या माणसाविषयी.

२/
७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये झळकला. परंतु चित्रगृहे शहरांत होती आणि बहुसंख्य लोक खेड्यांत. ते अंतर तोडण्यासाठी फाळके प्रक्षेपक बैलगाडीत घालून गावोगाव हिंडले. पुढे बैलगाडीची जागा ट्रकने घेतली.

३/
तंबू टॉकीजचा संसार अवजड. तंबूचे कापड, खांब, दोरखंड, पडदा, प्रक्षेपक, कर्णे आणि वीज नसलेल्या गावासाठी जनरेटर. पावसाळ्यात हा पसारा हलणे अशक्य. म्हणून हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होई आणि उन्हाळ्याच्या अखेरीस संपे.

४/
या ट्रकचे वेळापत्रक पंचांगात असे. सातारा जिल्हाच पाहा. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा मार्गशीर्ष वद्य दशमीची, औंधच्या यमाईची पौष पौर्णिमेची. दोहोंत सुमारे २० दिवस. पुढे चैत्रात शिखर शिंगणापूर, आणि कोल्हापूर जिल्ह्यात जोतिबा. एरवी दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकणारी तिथी अधिक मास आला की सुमारे १९ दिवस पुढे जाते. तिथी चुकली तर जत्रा चुकली, आणि जत्रा चुकली तर वर्षाची कमाई बुडाली.

५/
माळावर पोहोचल्यावर चालकाचे काम संपत नसे. प्रक्षेपक हौद्यातच बसवलेला असला, म्हणजे ट्रक हीच प्रक्षेपणाची खोली. ती पडद्यासमोर नेमकी उभी करावी लागे. पडदा ६० फुटांवर असेल आणि ट्रक अवघा १ अंश कलला, तर चित्र सुमारे १ फूट सरकते. ट्रक पडद्याशी तिरका राहिला, तर चौकोनी चित्राची एक बाजू रुंद आणि दुसरी अरुंद होते. भुसभुशीत ढेकळांच्या रानात चाकाखाली दगड-फळ्या लावून ट्रक समतल करणे, हा खेळाचा पहिला अंक असे. तो कोणी पाहत नसे.

६/
मग प्रतीक्षा ‘पेटी’ची. पेटी म्हणजे चित्रपटाच्या रिळांचा पत्र्याचा डबा. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. त्यामुळे ३ तासांच्या चित्रपटाला १६,००० फुटांहून अधिक फिल्म लागे. २,००० फुटांचे रीळ सुमारे २२ मिनिटे चाले. म्हणजे अशी किमान आठ-नऊ रिळे. त्यांतले एक जरी वाटेत राहिले, तरी कथेत २२ मिनिटांचे भगदाड पडे.

७/
शेवटचा खेळ मध्यरात्रीनंतर सुटे. जत्रेचा अखेरचा दिवस असेल तर प्रेक्षक घरी निघताच दोर सुटू लागत. भरण्याचाही क्रम ठरलेला : पुढच्या गावी जे आधी लागणार, ते हौद्यात शेवटी चढवायचे. खेळ पाहणारा गावकरी झोपी जाई, त्या वेळी चालकाच्या कामाचा दुसरा प्रहर सुरू होई.

८/
कायदा त्याला काय देत होता? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. परंतु हा कायदा ५ किंवा अधिक वाहतूक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी. एक-दोन ट्रकवाल्या तंबूचा चालक त्या संख्येत बसणे अवघडच. १९८१ चा सिने-कामगार कायदा आला, तर त्यातील ‘सिने-कामगार’ म्हणजे चित्रपटनिर्मितीत राबणारा. चित्रपट खेड्यापर्यंत पोहोचवणारा या व्याख्येबाहेर राहिला.

९/
दूरचित्रवाणी, व्हिडिओ, केबल आणि शेवटी हातातला मोबाइल यांनी तंबूचा प्रेक्षक नेला. चित्रपट डिजिटल झाले आणि रिळांच्या जड पेट्याही गेल्या. दैवाचा खेळ असा की, ट्रकवरचे ओझे हलके झाले तेव्हा तो ज्यांच्यासाठी धावायचा ते लोक माळावर उरले नव्हते.

१०/
२०१६ साली शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाची कान महोत्सवात विशेष दखल घेतली गेली. महाराष्ट्रातील फिरत्या सिनेमाचे अखेरचे दिवस त्यात टिपले आहेत. जगाने या ट्रककडे पाहिले ते तो थांबण्याच्या बेतात असताना.

११/
चित्रपटाचा इतिहास दिग्दर्शक आणि नटांच्या नावांनी लिहिला जातो. परंतु ज्या गावात चित्रगृह नव्हते, तिथल्या कित्येकांनी आयुष्यातला पहिला सिनेमा पाहिला तो कोणीतरी रात्रभर जागून ट्रक हाकला म्हणून. गावातल्या ज्येष्ठांना तंबूतल्या पहिल्या सिनेमाविषयी अवश्य विचारावे. नटाचे नाव ते चटकन सांगतील. ट्रक कोण चालवत होता, हेही विचारून पाहावे.