सोपाऱ्याचे पत्र आणि आविन्योंचे पोप

नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला तुळिंज, पश्चिमेला जुने सोपारा. सोपारा म्हटले की बुरूड राजाचा कोट, अशोकाचा शिलालेख आणि पंडित भगवानलाल इंद्रजींचे १८८२चे उत्खनन आठवते. चौदाव्या शतकातल्या एका पोपच्या कारभारातही या बंदराचे नाव गुंतले होते, ही गोष्ट मात्र मागे पडली.

ते पोप म्हणजे बाविसावे जॉन. दक्षिण फ्रान्समधल्या काओरचे, कायद्याचे जाणकार. १३१६ साली, सत्तरीच्या घरात असताना ते निवडून आले आणि आविन्योंहून कारभार पाहू लागले. दोनच वर्षांनी त्यांनी इराणात सुलतानिया येथे आर्चबिशपचे पीठ स्थापन केले.

१३२१ साली जोर्दानस हा डोमिनिकन धर्मगुरू चार फ्रान्सिस्कनांसह ठाण्यात उतरला. ठाण्यावर तेव्हा तुघलकांचा अंमल होता. पाहुण्यांना एका नेस्टोरियन ख्रिस्ती घराने आसरा दिला. जोर्दानस पुढे सोपाऱ्याकडे निघाला आणि मागे त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले. नवऱ्याने हात उचलला, बायको काझीकडे गेली, साक्षीला पाहुण्यांना बोलावले. तिथे धर्मावरून वाद पेटला. एप्रिलमध्ये तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस या चौघांना ठार मारले गेले. जोर्दानसने त्यांचे देह सोपाऱ्यात आणून पुरले. पुढे ओदोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्यांच्या अस्थी थेट चीनला नेल्या.

मन हेलावते ते एकट्या पडलेल्या जोर्दानसच्या चिकाटीने. ऑक्टोबर १३२१ मध्ये त्याने घोघ्याहून इराणातल्या धर्मबंधूंना पत्र लिहिले. ठाणे-सोपाऱ्याच्या दरम्यान आपण ३५ जणांना बाप्तिस्मा दिल्याचे त्यात आहे. धर्मगुरू पाठवायला योग्य म्हणून त्याने तीन ठिकाणे सुचवली: सोपारा, भडोच आणि कोल्लम. या मुलखातल्या फणसाचेही त्याला मोठे अप्रूप. एक फळ पाच जणांना पुरते, असे तो आपल्या ग्रंथात सांगतो.

त्याच सुमारास आविन्योंत पोप आणि फ्रान्सिस्कन यांच्यात निष्कांचन व्रतावरून उभा तंटा चालला होता. ख्रिस्त आणि त्याच्या शिष्यांच्या मालकीचे काहीच नव्हते, हे मत पोपनी १३२३ मध्ये पाखंड ठरवले. ज्या पंथाची चार माणसे ठाण्यात धर्मासाठी मेली, त्याच पंथाशी त्यांनी इतके ताणायला नको होते.

हिंदुस्थानाकडे मात्र त्यांचे लक्ष राहिले. ऑगस्ट १३२९ मध्ये त्यांनी कोल्लमला धर्मप्रांताचा दर्जा देऊन जोर्दानसला बिशप नेमले. भारतातला हा पहिला लॅटिन धर्मप्रांत. सोपाऱ्याच्या वाट्याला तो मान आला नाही.

पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ साली. वसईच्या ख्रिस्ती इतिहासाची मोजणी तिथूनच करण्याची सवय आता सोडायला हवी. सोपाऱ्याचा दाखला त्याहून २१३ वर्षे जुना आहे.