क्रिएटिनिन आधी किती होतं?

२०२०-२१ मध्ये कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये कोविडचे रुग्ण दाखल होत होते. त्या काळातल्या एखाद्या केसपेपरवर ‘कोविड, किडनी निकामी, डायलिसिस’ असं सापडलं, तर ‘विषाणूने किडनी घालवली’ असं लिहून मोकळे होऊ नका. मीही आधी तेच करायचो.

जरा मागे, १९५१ च्या कोरिया युद्धात जाऊ. तिथे सैनिकांना एक विचित्र ताप येऊ लागला. बीपी कोसळायचं, रक्तस्राव व्हायचा, मग लघवी बंद. असे तीन हजारांहून जास्त रुग्ण झाले. १९५२ मध्ये अमेरिकन सैन्याने वॉन्जूला कृत्रिम किडनीचं केंद्र उघडलं. विलेम कोल्फ यांनी महायुद्धात हॉलंडमध्ये बनवलेल्या यंत्राची ती सुधारित आवृत्ती. तिथे जखमींबरोबर या तापाच्या रुग्णांचंही डायलिसिस झालं. डायलिसिस विषाणूला काहीच करत नाही. साठलेलं पोटॅशियम, युरिया काढून किडनी सावरेपर्यंत वेळ मिळवून देतं. आणि गंमत बघा, तो हंतान विषाणू ली हो-वांग यांना सापडला १९७६ मध्ये! पण रुग्ण होते तरुण, भरतीच्या वेळी तपासलेले. त्यामुळे ‘किडनी आधी चांगली होती’ हे धरून चालायला हरकत नव्हती.

कोल्हापुरात विषाणूचं नाव माहीत होतं. पण शिरोळहून दम लागून आलेला पन्नाशीचा शेतकरी डोळ्यासमोर आणा. शुगर कधी तपासलेली नाही, जुना रिपोर्ट नाही, क्रिएटिनिन ४. केडिगोच्या २०१२ च्या व्याख्येत ४८ तासांत ०.३ ची वाढ किंवा सात दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट वाढ मोजतात. मूळ आकडाच नसेल तर दीडपट कशाची? त्यात बीपी पडणं, सेप्सिस, औषधं यांनीही किडनीला मार बसतोच.

म्हणून डेटा गोळा करताना दाखल झाल्यापासूनची रोजची क्रिएटिनिन, लघवीचं माप आणि सोनोग्राफीतला किडनीचा आकार टिपून घ्या. किडनी आकसलेली असेल तर दुखणं बहुधा जुनं. पण मधुमेहात ती जुन्या आजारातही नेहमीच्या आकाराची दिसू शकते, तेव्हा सांभाळून. नंतर तीन महिन्यांचा रिपोर्ट शोधा. किडनी सावरली की नाही, ते तिथे कळतं. जे वाचलेच नाहीत त्यांचा हा कागद कधीच मिळणार नाही. त्यांना ‘माहिती नाही’मध्ये ढकलू नका, तक्त्यात वेगळा रकाना द्या.