वेष्टनावरचे गाव

पेडणे-डिचोलीकडील श्रोत्यांना रावळगाव हे नाव नकाशावरून नव्हे, तर गोळीच्या वेष्टनावरून ठाऊक असावे. नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील हे गाव. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९२३ साली येथे सुमारे १,५०० एकर जमीन घेतली, तेव्हा ती बव्हंशी खडकाळ व नापीक होती. रेल्वेची बांधकामे आणि आगबोटी यांत गढलेल्या गृहस्थाने नांगराच्या नादी लागावे, याचे त्या काळी नवलच वाटले असेल! तथापि ती जमीन उसाखाली आली. १९३२ साली देशी साखरेला जकातीचे संरक्षण मिळाले आणि लगेच १९३३ साली रावळगावचा कारखाना उभा राहिला.

ऐन महायुद्धात, १९४२ साली, त्याच साखरेच्या गोळ्या बाजारात आल्या. साखर व ग्लुकोज यांचा पाक कडक होईतो आटवावयाचा, रंग व वास घालून गरम असतानाच त्याला आकार द्यावयाचा, अशी ही कृती. दमट हवेत गोळी पाघळू न देणे हे मात्र अवघड. कोकणपट्टीत वेष्टनाचे मोल अधिक ते याचमुळे. पुढे 'पान पसंद', 'मँगो मूड', 'कॉफी ब्रेक' यांनी घरोघर ओळख मिळविली. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगराने संस्थापकाचे नाव घेतले. गोळीने गावाचे घेतले.

इंग्लंडातील कॅडबरी घराण्याने चॉकलेटाला स्वतःचे नाव दिले. या क्वेकरपंथी बंधूंनी १८७९ साली बर्मिंगहॅमबाहेर बोर्नव्हिल येथे कारखाना नेला. १९०० साली जॉर्ज कॅडबरी यांनी तेथील ३३० एकर जमीन व ३१३ घरे एका विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. २०१० साली क्राफ्ट या अमेरिकन कंपनीने कॅडबरी विकत घेतली, तेव्हा विश्वस्तांच्या घरांना धक्का लागला नाही. ही दूरदृष्टी खरोखर वाखाणण्याजोगी.

रावळगावात उलट घडले. वालचंद १९५३ साली निवर्तले. धंदा घराण्यात चालू राहिला. परंतु कच्चा माल, इंधन व मजुरी महागली, लहानमोठे प्रतिस्पर्धी वाढले. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिलायन्सने २७ कोटी रुपयांस गोळ्यांची व्यापारचिन्हे व पाककृती घेतल्या. जमीन, इमारती, यंत्रे जुन्या कंपनीकडेच राहिली. गावाचे नाव वेष्टनावर ज्याने छापावयाचे, तो मालक बदलला. गोळी कोठे करावयाची, हेही आता त्यानेच ठरवावयाचे.